बोलकी भिंत

ज्ञानदेवांनी निर्जीव भिंत चालविली, ही कथा मराठी घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. भिंतीला कान असतात, ही म्हणही आपल्या नित्याच्या बोलण्यातली आहे. भिंतीला तोंड असते, असे मात्र आपण कधी म्हणत नाही. आज ज्या भिंतीची हकीकत सांगावयाची आहे तिला तोंड फुटले. एखाद्या सिद्धपुरुषाने किंवा जगद्विख्यात चित्रकाराने हा चमत्कार केला नाही. १४ ते २१ वर्षे वयाच्या चारशेहून अधिक मुलामुलींनी, पाच उन्हाळे उन्हातान्हात राबून, तो घडवून आणला. त्यांपैकी कित्येकांची नावे त्यापूर्वी फक्त पोलिसांच्या दप्तरात लिहिली गेली होती.

ही भिंत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरात आहे. तिची लांबी २,७५४ फूट, म्हणजे अर्ध्या मैलाहून थोडी अधिक. उंची सुमारे १३ फूट. जगातील सर्वांत लांब भित्तिचित्रांत तिची गणना होते. परंतु लांबी हा काही तिचा मोठेपणा नव्हे. ज्यांना इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळाली नव्हती अशा माणसांच्या मुलांनी आपला इतिहास आधी शोधून काढला, मग तो समजून घेतला आणि मगच तो रंगविला. या क्रमात त्या भिंतीचे सारे मर्म साठविलेले आहे.

या भिंतीची गोष्ट सांगण्यापूर्वी त्याच शहरातील दुसऱ्या एका भिंतीची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण एकीला मुकी केल्यावाचून दुसरीला बोलण्याची एवढी निकड भासली नसती.

१९३२ साली मेक्सिकोचे प्रख्यात चित्रकार डेव्हिड आल्फारो सिकेरॉस लॉस एंजेलिसमध्ये येऊन राहिले होते. शहराच्या जुन्या भागातील ओल्व्हेरा स्ट्रीट हा रस्ता नुकताच मेक्सिकन धर्तीच्या बाजारपेठेच्या रूपाने सजविण्यात आला होता. तेथील एका इमारतीच्या वरच्या मजल्याची बाहेरची भिंत त्यांना रंगविण्यास देण्यात आली. विषय दिला होता, ‘उष्ण कटिबंधातील अमेरिका’. डोलणारी झाडे, रंगीबेरंगी पक्षी, सुखी आणि आनंदी माणसे असे काहीतरी चित्र निघेल, अशी काम देणाऱ्यांची अपेक्षा असावी. ९ ऑक्टोबर १९३२ रोजी चित्रावरचा पडदा दूर झाला तेव्हा लोकांना दिसला तो क्रुसावर बांधलेला एक मूलनिवासी शेतमजूर, आणि त्याच्या डोक्यावर पंख पसरून बसलेला गरुड. ज्यांना हा गरुड कोणाचा हे सांगण्याची गरज नव्हती, ते अस्वस्थ झाले. चित्राचा रस्त्यावरून दिसणारा भाग वर्षभरातच पांढऱ्या रंगाखाली गेला आणि काही वर्षांत उरलेलाही झाकला गेला. सिकेरॉस यांना देश सोडावा लागला.

हा प्रसंग एका चित्रापुरता नव्हता. लॉस एंजेलिस शहराच्या साऱ्या स्मृतीवरच असा पांढरा हात फिरत आला होता. १७८१ साली या शहराची स्थापना करणाऱ्या ४४ वसाहतकारांपैकी बहुतेक मूलनिवासी, आफ्रिकी किंवा मिश्र वंशाचे होते. १८४८ पर्यंत हा प्रदेश मेक्सिकोचा होता. पुढे रेल्वेचे रूळ डोंगर फोडून घालणारे मजूर चिनी होते, भाजीपाला पिकविणारे शेतकरी कित्येक ठिकाणी जपानी होते, फळबागांतून फळे उतरविणारे हात मेक्सिकन आणि फिलिपिनो होते. तरीही शाळेतील मुलाच्या हाती जे पुस्तक पडे, त्यात ही माणसे पानाच्या कोपऱ्यात देखील क्वचितच दिसत. आपल्या आजोबांनी हे शहर बांधण्यास हात लावला होता, हे ज्या मुलाला कोणी सांगितलेले नाही, त्याला त्या शहरात आपण भाडेकरू आहोत असेच वाटत राहणार. भाडेकरूला घराची माया कोठून असावी?

आता नदीकडे वळू. लॉस एंजेलिसची नदी वर्षातले कित्येक महिने कोरडी असते, आणि पावसाळ्यात कधी कधी बेफाम होते. १९३८ साली फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या आरंभी आलेल्या महापुरात शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर सैन्याच्या अभियंता दलाने नदी आणि तिला मिळणारे ओढे काँक्रीटच्या पात्रात बंदिस्त करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. पुराचे भय गेले. पण काठची झाडे, वाळू, पाणथळ जागा हेही सर्व गेले. शहराच्या अंगावर करड्या काँक्रीटचे लांबच लांब चर उरले. त्यांतलाच एक ओढा शहराच्या उत्तरेकडील सॅन फर्नांडो खोऱ्यातून वाहतो. त्याचे नाव तुहुंगा. तेथील मूलनिवासींच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘वृद्धेचे स्थान’ असा सांगितला जातो. आपली बोलकी भिंत ती या ओढ्याच्या काँक्रीटच्या पात्राची भिंत.

या कामाच्या केंद्रस्थानी जी स्त्री आहे तिचे नाव ज्युडिथ बाका. त्यांचा जन्म १९४६ साली लॉस एंजेलिसमध्येच झाला. घराणे मूळचे मेक्सिकोतले; बालपण आई, आजी आणि मावश्या यांच्या सहवासात गेले. घरची भाषा स्पॅनिश. शाळेत गेल्यावर इंग्रजीवाचून तोंड उघडण्याची सोय नव्हती. इतर मुलांचा पाठ चालू असताना या मुलीला कोपऱ्यात बसून चित्रे रंगविण्याची मुभा मिळे. परप्रांतात ज्यांचे बालपण गेले आहे, घरी मराठी आणि वर्गात निराळीच भाषा असा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्या श्रोत्यांना त्या कोपऱ्याची कल्पना सहज येईल. जिभेला जे बंद होते ते हाताला खुले झाले, आणि ते आयुष्यभर खुले राहिले.

१९६९ साली विद्यापीठातून चित्रकलेची पदवी घेऊन त्या बाहेर पडल्या. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध अमेरिकेत आंदोलने चालली होती. मेक्सिकन वंशाचे तरुण स्वतःला ‘चिकानो’ म्हणवून घेऊन हक्कांची मागणी करीत होते. १९७० साली बाका शहराच्या उद्यान व मनोरंजन खात्यात उन्हाळी वर्गांवर चित्रकला शिकवू लागल्या. त्यांना पूर्व भागातील बॉइल हाइट्स या वस्तीत धाडण्यात आले. तेथे त्यांची गाठ पडली ती टोळ्यांतल्या मुलांशी.

या टोळ्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. प्रत्येक टोळीचा आपला मोहल्ला, आपली हद्द. पलीकडल्या टोळीच्या हद्दीत पाऊल टाकणे म्हणजे जिवाशी गाठ. हद्द दाखविण्याची खूण कोणती, तर भिंतीवर रंगाने काढलेली विशिष्ट वळणाची अक्षरे. पोलिसांच्या लेखी हा भिंतींचा विद्रूपपणा होता. बाका यांनी त्याच अक्षरांकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. ज्या मुलाजवळ स्वतःचे असे काही नाही, तो निदान एका भिंतीवर ‘मी आहे’ एवढे लिहून ठेवतो. लिहिण्याची हौस आणि भिंत या दोन्ही गोष्टी त्याच्यापाशी आहेत; त्याला लिहावयास काही मोठे मात्र मिळालेले नाही. या विचारातून पुढचे सारे निघाले.

त्यांनी एकमेकांशी वैर असलेल्या चार टोळ्यांतून सुमारे २० मुले गोळा केली. गटाला नाव दिले ‘लास व्हिस्तास नुएव्हास’, म्हणजे नव्या दृष्टी. हॉलेनबेक नावाच्या उद्यानात वाद्यवृंदासाठी बांधलेला एक अर्धगोल रंगमंच होता. त्याच्या आतल्या भिंतीवर या मुलांनी एक प्रचंड चित्र काढले: दोन्ही बाहू पसरून, जणू सर्वांना कवेत घेण्यास सिद्ध झालेली एक वृद्ध आजी. चित्राचे नाव ‘मी आब्वेलिता’, माझी आजी. काम चालू असताना दोन्ही बाजूंस पहारेकरी बसवावे लागत. दुसऱ्या टोळीची माणसे किंवा पोलीस येताना दिसले तर इशारा द्यावयाचा, असा संकेत ठरला होता, असे बाका सांगत असत. या आठवणीतील विनोद बाजूस ठेवला तरी तिच्यातून एक गोष्ट कळते. सामाजिक कामाच्या आरंभी सभागृह, व्यासपीठ किंवा समारंभ यांपैकी काही असावेच लागते, असे नाही. विषय असा निवडावा लागतो की ज्याच्यापुढे वैऱ्यांचेही हात थांबतील. आजी कोणत्या टोळीची, हा प्रश्न कोणालाही विचारता येत नाही.

पुढे नगरपालिकेने शहरभर भित्तिचित्रे काढून घेण्याची योजना आखली आणि ती बाका यांच्याकडे सोपविली. वस्त्यावस्त्यांतून चित्रे उभी राहिली. परंतु सरकारी पैशाबरोबर सरकारी नजरही येते. अमुक विषय अडचणीचा, तमुक चित्र वादग्रस्त, अशा हरकती निघू लागल्या. तेव्हा स्वतंत्र संस्था हवी, या निष्कर्षाला त्या आल्या. १९७६ साली त्यांनी चित्रकार क्रिस्टिना श्लेसिंजर आणि चित्रपटदिग्दर्शिका डॉना डाइच यांच्यासह ‘सोशल अँड पब्लिक आर्ट रिसोर्स सेंटर’ ही संस्था स्थापन केली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला ‘स्पार्क’, म्हणजे ठिणगी, असे म्हणू लागले. संस्थेला जागा मिळाली ती व्हेनिस या भागातील जुन्या पोलीस चौकीची. ज्या इमारतीत पूर्वी पकडलेली माणसे डांबीत, तिच्यात चित्रकारांचे कुंचले आणि रंगांचे डबे येऊन बसले.

दरम्यान, १९७४ साली, अभियंता दलाने बाका यांच्याशी संपर्क साधला होता. तुहुंगा ओढ्याच्या काठी लहानसे उद्यान करावयाचे होते आणि काँक्रीटची भिंत थोडी सुशोभित करता आली तर हवी होती. मागणी एवढीच. भिंत पाहावयास गेलेल्या बाका यांना ते काँक्रीटचे पात्र जमिनीवरील जखमेच्या व्रणासारखे वाटले. नदीला जसे सरळ रेषेत कोंबून तिचे मूळ वळण पुसून टाकले, तसेच या प्रदेशातील माणसांच्या इतिहासाचे झाले आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. व्रणावर गोंदण करावे तशी या भिंतीवर कॅलिफोर्नियाची कहाणी चितारावयाची, आणि ती राजेरजवाड्यांच्या व गव्हर्नरांच्या बाजूने न सांगता, जे पुस्तकातून वगळले गेले त्यांच्या बाजूने सांगावयाची, असा संकल्प ठरला.

१९७६ च्या उन्हाळ्यात काम सुरू झाले. पहिल्या तुकडीत ८० मुले होती. त्यांपैकी बहुतेक बालगुन्हेगारांची प्रकरणे पाहणाऱ्या यंत्रणेकडून पाठविली गेली होती. त्यांच्याबरोबर १० चित्रकार आणि ५ इतिहासकार होते. या आकड्यांपाशी क्षणभर थांबावे. चित्र काढावयाचे, तर चित्रकार हवेत हे उघडच आहे. पण पाच इतिहासकार कशासाठी? कारण रंगाच्या डब्याचे झाकण उघडण्यापूर्वी मुलांना अभ्यास करावयाचा होता. जुने कागद, छायाचित्रे, वर्तमानपत्रे पाहावयाची होती. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे वस्तीतील म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारावयाचे होते. एखाद्या मुलाने घरी जाऊन आजोबांना ‘तुम्ही येथे केव्हा आलात, तेव्हा काय घडले?’ असे विचारावे, आणि त्यांनी तोपर्यंत कधीही न बोललेली गोष्ट सांगावी, यात इतिहासलेखनाचा जो आरंभ आहे तो कोणत्याही विद्यापीठातील आरंभाहून कमी प्रतीचा नाही.

दुसरी ध्यानात घेण्यासारखी गोष्ट वेतनाची. मुलांना कामाचे पैसे मिळत. तरुणांना उन्हाळी रोजगार देण्याच्या शासकीय योजनांतून ही तरतूद झाली होती. अशा उपक्रमांकडे आपण पुष्कळदा परोपकाराच्या दृष्टीने पाहतो: गरिबांच्या मुलांना चार घटका विरंगुळा दिला, की आपले समाधान होते. येथे विरंगुळा नव्हता. वेळेवर यावयाचे, ठरलेले तास काम करावयाचे, चूक झाली तर पुसून पुन्हा काढावयाचे, आणि आठवड्याची मजुरी घरी न्यावयाची. ज्या घरात मुलाने आणलेला पैसा संशयाने पाहिला जात असे, तेथे हा पैसा मानाने ठेवून घेतला गेला असेल, यात नवल नाही.

काम अत्यंत कष्टाचे होते. ओढ्याचे पात्र म्हणजे काँक्रीटची कढईच. उन्हाळ्यात ती तापून निघे. पावसाळ्यात तेथे पाणी येते, म्हणून काम उन्हाळ्यातच करणे भाग. प्रथम भिंत घासून स्वच्छ करावयाची, मग तिच्यावर अस्तर द्यावयाचे. लहान कागदावरील आराखडा चौकोनांत विभागून, तितकेच मोठे चौकोन भिंतीवर आखून, एकेका चौकोनातील रेषा मोठ्या प्रमाणात उतरवावयाच्या. मग परांचीवर उभे राहून रंग भरावयाचे. दोन इंचांची रेषा दोन फुटांची करताना गणित लागते. ज्या मुलाने शाळेत गणिताला रामराम ठोकला होता, तो येथे प्रमाण आणि अपूर्णांक यांचे हिशेब करू लागला. कारण हिशेब चुकला तर माणसाचे नाक कपाळावर जाते आणि ते सर्वांना दिसते.

त्या पहिल्या उन्हाळ्यात १,००० फूट भिंत रंगली. आरंभ केला तो माणसापूर्वीच्या काळापासून. लॉस एंजेलिसच्या भूमीत डांबराचे जे डोह आहेत त्यांत सापडलेले प्रचंड प्राणी, मग किनाऱ्यावरील चुमाश लोकांचे जीवन, स्पॅनिश लोकांचे आगमन, शहराची स्थापना, सोन्याच्या शोधात आलेले लोंढे, रेल्वे बांधणारे चिनी मजूर, आणि १९१० पर्यंतचा काळ. त्यात १८७१ च्या ऑक्टोबरातील ती रात्रही आहे, जेव्हा शहरातील जमावाने चिनी वस्तीवर तुटून पडून सुमारे १८ माणसांचे बळी घेतले. ज्या शहरात ही घटना घडली, त्याच शहरातील अनेक मुलांनी ती प्रथम या भिंतीच्या निमित्ताने ऐकली.

पहिल्या हजार फुटांत एक उणीव राहिली होती. वेगवेगळ्या चित्रकारांनी आपापल्या तुकडीसह वेगवेगळे तुकडे केले. त्यामुळे चित्र सुटे सुटे वाटे. ही उणीव बाका यांनी झाकून ठेवली नाही. १९७७ साली त्या मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे गेल्या आणि सिकेरॉस यांच्या कार्यशाळेत भित्तिचित्राचे तंत्र शिकल्या. सिकेरॉस १९७४ साली निवर्तले होते. पण त्यांची परंपरा तेथे चालू होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्याच्या चित्रावर लॉस एंजेलिसने पांढरा रंग फिरविला, त्याच्याच शाळेतून त्या शहराची एक कन्या रेषांची विभागणी, लय आणि गती यांचे धडे घेऊन परत आली. १९७८, १९८०, १९८१ आणि १९८३ या उन्हाळ्यांत झालेले काम म्हणूनच निराळे दिसते. दर खेपेस साधारण साडेतीनशे फूट, आणि बहुधा एक दशक. एक प्रसंग दुसऱ्यात असा मिसळतो की कोठे थांबावे हे पाहणाऱ्याला कळत नाही. जणू काँक्रीटने अडविलेली नदी चित्रातून पुन्हा वाहू लागली आहे.

या भागातील काही प्रसंग सांगण्यासारखे आहेत. १९३० च्या मंदीच्या दशकात मेक्सिकन वंशाच्या लाखो माणसांना आगगाड्यांत बसवून सीमेपलीकडे धाडण्यात आले. त्यांत अमेरिकेतच जन्मलेले कित्येक नागरिक होते. ती गाडी भिंतीवर आहे. धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या मधल्या प्रांतांतून कॅलिफोर्नियात आलेले गोरे निर्वासित शेतकरीही आहेत. कारण दुःखाची मक्तेदारी एका वंशाला देण्याचा या चित्रकारांचा हेतू नव्हता. १९४२ साली युद्धाच्या भयाने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरादारांतून उठवून छावण्यांत नेऊन ठेवले, तो प्रसंग आहे. १९४३ च्या जूनमध्ये ढगळ कोट घालणाऱ्या मेक्सिकन तरुणांना नौसैनिकांनी रस्त्यात गाठून मारहाण केली, त्यांचे कपडे उतरविले. विवस्त्र होऊन पडलेला तो तरुण आहे. रक्तद्रव साठविण्याच्या कामात अग्रेसर असलेले कृष्णवर्णीय डॉक्टर चार्ल्स ड्रू आहेत. युद्धकाळात कारखान्यात रिवेट ठोकणारी आणि युद्ध संपताच पुन्हा घरात ढकलली गेलेली स्त्री आहे. तिला दूरचित्रवाणीचा संच आपल्या पोटात ओढून घेत आहे.

आणि एक कुटुंब आहे. नव्या महामार्गाचे खांब सापासारखे वेटोळे घेत त्या कुटुंबाच्या मधून गेले आहेत. एकाच घरची माणसे दोन बाजूंना. वर आकाशातून एक क्रीडांगण अवकाशयानासारखे खाली उतरत आहे. चावेझ रव्हीन नावाची एक मेक्सिकन वस्ती लॉस एंजेलिसच्या टेकड्यांत होती. प्रथम सरकारी घरे बांधण्याच्या नावाखाली तेथील कुटुंबांना उठविले; घरांचा बेत बारगळला; १९५९ साली उरलेल्या थोड्या कुटुंबांनाही पोलिसांनी बाहेर काढले; आणि १९६२ साली त्या जागी बेसबॉलचे क्रीडांगण उघडले. ज्या मुलांच्या आप्तांची घरे अशी गेली, त्यांना महामार्ग म्हणजे काय हे अभियंत्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. तरीही ‘आपल्यावर अन्याय झाला’ ही भावना असणे आणि तो केव्हा, कोणत्या ठरावाने, कोणत्या क्रमाने झाला हे तारखांसह माहीत असणे, यांत फार अंतर आहे. पहिली भावना मनुष्याला जाळीत राहते. दुसरी माहिती त्याला उभे राहावयास जागा देते.

मला या साऱ्या कामातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो. मेक्सिकन मुलगा आपल्या लोकांची आगगाडी रंगवीत होता, हे ठीकच आहे. पण त्याच्याच हाताला जपानी छावणीची कुंपणे आली, आणि कृष्णवर्णीय मुलीने चिनी मजुराच्या चेहऱ्यात रंग भरला. दुसऱ्याच्या दुःखाचा चेहरा तासन्‌तास न्याहाळल्याशिवाय तो रंगविता येत नाही. हे काम आपोआप झाले नाही. पहिल्या दिवसांत निरनिराळ्या वंशांची मुले वेगवेगळी बसत; शिव्यागाळीचे, भांडणाचे प्रसंग येत. म्हणून चित्राच्या तासांबरोबरच एकमेकांविषयीचे समज-गैरसमज उघडपणे बोलून दाखविण्याचे, नाट्यरूपाने मांडण्याचे तासही ठेवावे लागले. एकाच परांचीवर उभे असलेल्या दोघांना मात्र एक गोष्ट फार लवकर कळते: शेजाऱ्याने फळी हलविली तर आपणही पडणार.

आता या प्रयोगाचा हिशेब निर्भीडपणे मांडला पाहिजे. भिंत रंगविल्याने लॉस एंजेलिसमधील टोळ्या नाहीशा झाल्या काय? मुळीच नाही. १९८० च्या दशकात तेथील टोळ्यांचा हिंसाचार वाढलाच. अमली पदार्थांचा बाजार, बंद पडलेले कारखाने, दुर्लक्षित शाळा यांना चित्रकलेचा वर्ग हे औषध नव्हे. आणि जो तसे सांगतो तो कलेलाही फसवितो आणि मुलांनाही. सरकारे बदलली तशा रोजगाराच्या योजना आटल्या, आणि १९८३ नंतर भिंत पुढे सरकली नाही. ऊन, धूर आणि पुराचे पाणी यांनी रंग फिके पडत गेले. ज्यांचा इतिहास पुसला गेला होता त्यांचे चित्रही हळूहळू पुसले जाऊ लागले.

मग उरले काय? उरली ती माणसे. पहिल्या उन्हाळ्यात आलेल्यांपैकी काही पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आले, नव्या मुलांना शिकवू लागले. आपण केलेली वस्तू शहरात उभी आहे, लोक ती पाहावयास दुरून येतात, हा अनुभव ज्याच्या पदरी एकदा पडला, त्याला ‘तू कुचकामी आहेस’ हे पटवून देणे यापुढे सोपे राहत नाही. ‘सामर्थ्य देणे’ हा शब्दप्रयोग आज फार ऐकू येतो. सामर्थ्य ही एकाने दुसऱ्याला काढून देण्याची वस्तू नसावी. बाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना तीन गोष्टी दिल्या: खरे ज्ञान, खरे काम, आणि जेथे ते काम सर्वांना दिसेल अशी जागा. सामर्थ्य म्हणतात ते मुलांनी आपले आपण निर्माण केले.

उत्तरार्ध आशादायक आहे. २०११ साली त्या भिंतीचा जीर्णोद्धार पुरा झाला. पुढल्याच वर्षी, ९ ऑक्टोबर २०१२ रोजी, म्हणजे अनावरणानंतर बरोबर ८० वर्षांनी, सिकेरॉस यांचे ते झाकलेले चित्रही जतन करून लोकांना पुन्हा पाहण्यासाठी खुले करण्यात आले. पांढऱ्या रंगाचा थर उन्हाने सुटू लागला होता आणि खालचा क्रूस कित्येक वर्षांपूर्वीच वर डोकावू लागला होता. २०१७ साली तुहुंगाच्या भिंतीची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. २०२१ साली तिच्या विस्तारासाठी एका मोठ्या प्रतिष्ठानाने ५० लाख डॉलरांचे अनुदान दिले, आणि १९६० पासून पुढचा इतिहास चितारण्याचे काम हाती घेण्यात आले. २०२३ साली त्याचा काही भाग शहराच्या कलासंग्रहालयात, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत रंगविला गेला. त्याच वर्षी बाका यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय कलापदक मिळाले. पहारेकऱ्यांच्या इशाऱ्यावर कान ठेवून चित्र काढणाऱ्या शिक्षिकेला हे पदक मिळावे, यात काळाचा न्याय आहे.

१९७६ साली ज्यांनी सोळाव्या वर्षी त्या तापलेल्या काँक्रीटपुढे पहिल्यांदा कुंचला हाती धरला, ती मुले आज साठी ओलांडून गेली आहेत. त्यांची नातवंडे असतील. एखादे नातवंड ओढ्याच्या काठाने चालत जाताना विचारील, ‘हे कोणी काढले?’ या प्रश्नाला ‘मी’ असे उत्तर देता येणारी माणसे त्या शहरात आहेत. आणि नातवंडाने पुढे विचारले, ‘ही आगगाडी कोठे चालली आहे?’ तर त्याचेही उत्तर त्यांना ठाऊक आहे. कारण ते त्यांनी कधीकाळी आपल्या आजोबांना विचारून घेतले होते.